एकेरी सूर

कनीजने फुंकर घालताच सूर निघाला आणि तिच्या उजव्या हाताची बोटे टेबलावर पुढे गेली. तेथे सरकवण्यासारखे काही नव्हते. चहाची बशी होती, खारी बिस्किटांचा चुरा होता, आणि ज्या मखमली पेटीतून तो माउथ ऑर्गन निघाला होता ती पेटी आ वासून पडली होती. तरीही बोटे गेली, आणि एक नसलेली लाकडी घोडी केसभर अलीकडे घेण्याच्या पवित्र्यात अधांतरी थांबली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना सोनोमीटर शिकवण्यात जिची हयात गेली, तिच्या बोटांना दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र ऐकू आले की एकच गोष्ट सुचत असे: फरक काढून टाका. ताणलेली तार आणि नादकाटा एकाच वेळी वाजले आणि आवाज लाटेसारखा फुगू-ओसरू लागला, तर त्याला विस्पंद म्हणतात. घोडी सरकवत जा, विस्पंद मंदावत जातील; ते नाहीसे झाले की सूर जुळले, निरीक्षण लिहा, पुढच्याला जागा द्या. येथे मात्र विस्पंद कारखान्यातूनच घालून आलेला होता. ट्रेमोलो म्हणजे तेच. प्रत्येक सुरासाठी दोन रीड्स, पितळेच्या दोन लहान जिभा, एकाच फुंकरीवर हलणाऱ्या. एक बरोबर आणि दुसरी मुद्दाम किंचित चढी. त्या दोघींच्या न जुळण्याला लोक गोडवा म्हणतात. कनीजला तो अर्धवट सोडलेला प्रयोग वाटला, आणि कुणीतरी तो तसाच वहीत उतरवून मोकळे झाल्याचा जुना, चांगला परिचयाचा राग आला.

"काय झाला गो आपा? आवडला नाय?" फुजैलने विचारले. फुजैल तिचा धाकटा भाऊ. कुवेतहून कायमचा परतला होता, राजिवड्यातले आईवडिलांचे घर त्याने रंगवून घेतले होते, आणि त्याच घरात येत्या रविवारी त्याच्या मुलीची, फिजाची, हळद होती.

"वाजतोय चांगला," कनीज म्हणाली. हे खरे होते. तिला खोटे बोलायची सवय नव्हती, त्यामुळे कौतुक करताना ती नेहमी उपकरणाबद्दल बोलत असे.

"मगे? कुवेतला माझ्या खोलीत एक फिलिपिनो होता, असाच वाजवायचा. सगळ्या मजल्यावरची माणसं दारात येऊन उभी. तुझा वाजवणा कसा आहे सांगू, आपा? सुक्या बोंबलासारखा. चव हाय. पण पाव्हण्यांना नाय वाढत कोण."

"अवो, काय बोलताव मोठ्या बहिणीला!" उमैमाने, त्याच्या बायकोने, आतून आवाज दिला. "सुक्या बोंबलावरच मोठे झालाव तुम्ही."

"मी तेच सांगतोय. मी खाईन. पण हळदीला पावसपासून दापोलीपर्यंतची लोकं बसलेली असणार. फिजाचा एकच हट्ट, फुफूच वाजवील. तर फुफूने हा वाजवावा. जरा भरलेला वाटेल. ठरव तू. नायतर चिपळूणचा कीबोर्डवाला तयार बसलाय."

"पाहुण्यांना काय वाढायचं ते तू ठरव. मी काय वाजवायचं ते मी ठरवीन."

"म्हणून तर म्हणतो, ठरव," फुजैल हसत म्हणाला आणि त्याने मखमली पेटी तिच्या पिशवीत सरकवली. तो हसताना अगदी अब्बांसारखा दिसे. हा तो बरोबर असल्याचा पुरावा नव्हे, केवळ आनुवंशिकता होती. तरी तिने पिशवी घेतली.

मारुती मंदिरामागच्या गल्लीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये तिने खिडकी लावली आणि दोन्ही वाद्ये टेबलावर शेजारी ठेवली. एक तिचे स्वतःचे, पहिल्या पगारातून घेतलेले क्रोमॅटिक: एका सुराला एकच रीड, उजव्या टोकाला बटण, ते दाबले की सूर अर्ध्या पायरीने चढे, म्हणजे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या हाताशी. दुसरे हे नवे, लांबट, भोकांच्या दोन ओळींचे. आवडनिवड हा तिच्या लेखी निष्कर्ष नव्हता. तो फार तर निष्कर्षाचा आळस होता. आपल्या वाजवण्याला हे वाद्य मानवते की नाही, हा प्रश्न तिने एखाद्या अनोळखी माणसाचा असावा तसा पुढे ठेवला. ट्रेमोलोत कोमल सूर नाहीत. पण हळदीच्या गाण्यांना ते लागतही नाहीत, तेव्हा हे कारण बाद. दोन रीड्सना वारा जास्त लागतो. तिची छाती अजून ठणठणीत होती, तेही बाद. भोके बारीक आणि दाटीने, ओठ शेजारच्या भोकावर घसरतात. पण हा सरावाचा प्रश्न, आणि सरावाच्या प्रश्नाला स्वभावाचा प्रश्न म्हणणारी मुले तिने पुष्कळ पाहिली होती. मग तिने मोबाइल समोर ठेवला, हळदीच्या गाण्याची एक ओळ आधी ट्रेमोलोवर वाजवली, मग क्रोमॅटिकवर, आणि ध्वनिमुद्रणाचे आलेख पडद्यावर उघडून पाहिले. उत्तर इतके सरळ निघाले की तिला जरा निराश झाल्यासारखे वाटले. ट्रेमोलोची लाट एकदा फुगून ओसरायला सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा घेत होती. तिचा सूर त्याआधीच संपलेला असे. ती सूर तोडत होती. काडी मोडावी तसा, टोकाशी, स्वच्छ. लाट उठण्यापूर्वीच पाणी काढून घेतले, तर उरतात ते केवळ दोन किंचित बेसूर आवाज, एकमेकांची ओळख पटण्याआधीच वेगळे झालेले. ट्रेमोलोला थांबणारा माणूस हवा होता. सुरावर रेंगाळणारा, त्याला झुलू देणारा. ती थांबत नव्हती. वाद्य वाईट नव्हते आणि तीही वाईट वाजवत नव्हती. दोघांची काळाची मापे वेगळी होती, आणि येथे प्रश्न संपायला हरकत नव्हती.

पण आलेख पडद्यावर तसाच राहिला, आणि आलेखाकडे उत्तर मिळाल्यानंतरही पाहत राहणे ही तिची जुनी खोड होती. सुरांचे तोडलेले पुंजके, मग रिकामी जागा, पुन्हा पुंजके, पुन्हा तेवढीच रिकामी जागा. ही रिकामी जागा गाण्यात नव्हती. गाण्याचा ठेका त्या जागेतून जात नव्हता, तो तिला वळसा घालून जात होता. गाणे काहीही असो, ती ही जागा सोडत असे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तबलजी तिच्यावर वैतागला होता, तोही याच जागेवरून. तिने त्या सवयीला आपली शैली असे नाव दिले होते, आणि नाव दिले की पुढची चौकशी थांबते हे ठाऊक असूनही दिले होते. आता कोरड्या रेघेत ती जागा समोर उभी होती, आणि तिच्या नियमितपणात काहीतरी ओळखीचे, ऊबदार, मिशीला किंचित मासळीचा वास असलेले असे श्वास घेत होते. पुंजका, जागा. पुंजका, जागा. कनीजच्या मानेच्या मागच्या कातडीला ते तिच्याआधी समजले. तो घोरण्याचा आलेख होता.

अब्बा मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या लिलावाची दलाली करीत. पहाटेच्या काळोखात जात, ऊन चढल्यावर येत, जेवत आणि माळ्याखालच्या खाटेवर आडवे होत. झोपलेल्या अब्बांना उठवायचे नाही, हा घरातला एकमेव कायदा. बाकी सगळ्यावर वाटाघाटी चालत. अम्मी मसाला वाटायची तीदेखील मागच्या पडवीत, पाट्याखाली गोणपाट घालून. जहाजावरच्या मामूंनी फुजैलसाठी बोटाएवढा एक माउथ ऑर्गन आणला. फुजैलने तो एक दिवस वाजवला आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरतो का ते पाहायला विहिरीत टाकला. कळशी खाली सोडून तो वर काढणारी आणि आठवडाभर कौलांवर वाळवणारी कनीज होती, त्यामुळे मालकी हक्काबद्दल तिच्या मनात कधी किंतु आला नाही. मुलीने असली वस्तू तोंडाला लावून बसायचे हे अम्मीला पसंत नव्हते. ती धर्माचे नाव घेत नसे, ओठांचे घेत असे: "ओठ जाडे होतील गो, मगे सांगशील मला." दुपारी, अम्मी पडवीत गेली की कनीज माळ्यावर चढत असे. भाताच्या कणग्या, जुनी जाळी, तापलेल्या कौलांचा वास. आणि खाली, फळ्यांच्या फटीतून दिसणाऱ्या खाटेवर, अब्बा. त्यांचे घोरणे दोन भागांचे होते: श्वास आत जाताना लाकूड कापल्यासारखा लांब खर्ज, मग पूर्ण शांतता, इतकी की आता हे उठणार, आणि मग पुन्हा खर्ज. कनीजने शोध लावला की खर्ज चालू असेपर्यंत वाजवले तर काही होत नाही. शांततेत वाजवायचे नाही, शांततेत ऐकायचे. म्हणून सूर लहान, कारण खर्ज केव्हा तुटेल याचा भरवसा नाही. म्हणून टोक स्वच्छ, कारण लांबलेला सूर शांततेत सांडतो. आणि म्हणून ती जागा: तोंडात पितळेची चव, ओठ भोकांवर टेकलेले, श्वास धरलेला, सगळे अंग एका कानात गोळा झालेले, आणि दूर भाट्याच्या खाडीवर एखाद्या होडीचे इंजिन. तिला वाजवायला कुणी शिकवले नाही, असे ती अभिमानाने सांगत असे. शिकवले होते. एका झोपलेल्या माणसाने, दररोज, ताल धरून.

ही माहिती तिला सुखाची वाटली नाही. शैली म्हणजे निवड, असे ती आजवर धरून चालली होती. आता दिसत होते की ती निवड नसून सावधगिरी होती; लपताना अंगाला पडलेला बाक, जो लपण्याचे कारण गेल्यावर लोक शैली म्हणून मिरवतात. अब्बा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिच्या फ्लॅटखाली राहणारे कुटुंब मुंबईला, फ्लॅटला कुलूप. ज्याच्या झोपेसाठी ती सूर तोडत होती, असा माणूस या जगात उरला नव्हता. मग ती कुणासाठी तोडते? फुजैल म्हणाला होता, भरलेले वाटेल. कदाचित मूर्खासारखा का होईना, तो बरोबर होता. तिने ट्रेमोलो उचलला, एका सुरावर ओठ ठेवले आणि ठरवून, मोठ्या माणसासारखी, फुंकर लांबवली. लाट उठली, ओसरली, पुन्हा उठली. खोली खरोखरच भरली. काचेच्या कपाटातली मोजपात्रे बारीक किणकिणली. तिसऱ्या लाटेला तिची मान आपोआप खाली, फरशीकडे वळली, आणि बिनमाणसांच्या कुलूपबंद घराची तिने चाहूल घेतली. सूर तुटला. ती स्वतःशीच हसली, पण ते हसू तिला आवडले नाही.

शुक्रवारी नमाजनंतर फुजैल आला. हातात पिशवी, पिशवीत पूर्णगडच्या ओळखीच्या होडीवरचे ताजे सरंगे मासे. त्याला उत्तर हवे होते. कनीजने त्याला उत्तराऐवजी आलेख दाखवला, आणि बोलता बोलता, जे कधीच कुणाला सांगितले नव्हते ते माळ्याचे, खर्जाचे आणि शांततेचे प्रकरण सांगून टाकले. प्रयोगाची कृती सांगावी इतक्याच रंगाने. फुजैल ऐकत राहिला. त्याचे डोळे भरून आले. परदेशात राहून आलेल्या माणसांचे डोळे लवकर भरतात, हे तिने आधीही नोंदले होते.

"आपा," तो हळू म्हणाला, "अब्बा जागे असायचे."

"काय?"

"जागे असायचे ते. मुद्दाम घोरायचे. तू वाजवावंस म्हणून."

क्षणभर कनीजपुढे ते सगळे चित्र झुलू लागले: माळा, फटी, खाली डोळे मिटून पडलेले अब्बा, मिशीत हसू, मुलीसाठी खर्ज लावणारे, तिचा सूर संपेपर्यंत श्वास ओढून धरणारे. किती सुंदर. किती भरलेले.

"त्यांनी सांगितलं तुला?" तिने विचारले.

"आता तसं सांगायला कशाला पायजे…"

"सांगितलं का?"

"सांगितलं नाय. पण एकदा हसले होते माझ्यासमोर."

"कशावर?"

"आता आठवतंय थोडंच? हसले होते एवढं नक्की."

"तू दुपारी घरात कधी होतास, फुजैल? तू भाट्याच्या वाळूत क्रिकेट खेळत होतास. संध्याकाळी अम्मी तुझे कान धरून आणायची."

फुजैलने कपाळावर हात मारला. "या खुदा! आपा, तू मेलेल्या बापाला पण प्रॅक्टिकलला बसवशील. काय बिघडला मानलंस तर? गोड वाटेल जिवाला."

तेच, तिला वाटले. नेमके तेच. तो निघून गेला, सरंगे ओट्यावर ठेवून आणि रविवारचे उत्तर न घेता, आणि ती खिडकीशी उभी राहिली. एक रीड घडलेल्या गोष्टीची. तिच्याशेजारी दुसरी, जरा चढी, घडले असते तर बरे झाले असते अशी. आणि एकाच फुंकरीत दोन्ही वाजवल्या की आठवण थरथरते, डोळे भरतात, पाहुणे दारात येऊन उभे राहतात. अब्बा जागे असणे अशक्य नव्हते. अशक्य नाही इतकेच. त्याहून पुढे एक पाऊलही टाकण्याइतका पुरावा नव्हता. आणि समजा, होता. समजा, ते जागे होते. मग त्या पोरीचे काय, जी वर कणग्यांच्या आड जीव मुठीत धरून बसली होती? तिला ते ठाऊक नव्हते. तिने झोपलेल्या माणसाच्या माथ्यावर बसून वाजवले. प्रत्येक सूर तिने चोरला होता, एकेक, पकडले जाण्याची तयारी ठेवून. आणि आता इतक्या वर्षांनी कुणी येऊन म्हणत होते की चोरी नव्हतीच ती, बापाने लेकीला दिलेला खाऊ होता. नको. तिला खाऊ नको होता. भीतीतून आले म्हणून ते वाजवणे तिचे नव्हते, हे कुणी ठरवले? खाडीच्या वाऱ्याने वाकलेला माड वाकडा म्हणून कुणी त्याला वाऱ्याचा माड म्हणत नाही. भीती गेली, ज्याची भीती होती तोही गेला; ती जागा मात्र तिच्यापाशी राहिली, रिकामी, झाडून ठेवलेली. तिच्यात आता काय ऐकायचे हे कुणी सांगत नव्हते. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

रविवारी दुपारी राजिवड्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओले केस, अत्तर, हळदीचा कच्चा वास, तळणीवरची माणसे ओरडणारी. माळ्याखालच्या अब्बांच्या खाटेवर मेंदीची तबके मांडली होती. कोपऱ्यात चिपळूणचा कीबोर्डवाला खरोखरच बसला होता, वाद्यावर फडका टाकून. फुजैलने बहिणीची नजर चुकवली. कनीज प्रथम स्वयंपाकघरात गेली आणि तिने मखमली पेटी उमैमाच्या हातात दिली.

"भाभी, हा तुमचा."

"माझा? मला कुठे येतोय!"

"फुंकून बघा. हळू. श्वास संपेपर्यंत."

उमैमाने पदराला ओठ पुसले आणि फुंकर घातली. लग्नाची गाणी आघाडीने गाणारी बाई. तिचा दम मोठा आणि घाई कशाचीच नाही. सूर उठला, झुलला, झुलतच राहिला, आणि कांदा चिरणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

"या अल्ला," उमैमा लाजून म्हणाली, "हा तर बोलतोय."

"तुमच्यासाठीच केलाय तो," कनीज म्हणाली. ते कौतुक नव्हते, निरीक्षण होते, आणि बहुधा म्हणूनच उमैमाला रडू आले.

बाहेरच्या खोलीत फिजा पिवळ्या ओढणीत चौरंगावर बसली होती. कनीज तिच्यासमोर खुर्चीवर बसली, पाठ माळ्याच्या शिडीला लावून, आणि तिने आपले क्रोमॅटिक बाहेर काढले. फुजैलने ते पाहिले. त्याचे खांदे पडले. तिने ओठ टेकवले आणि हळदीच्या गाण्याची पहिली ओळ वाजवली: कोरडी, एकेरी, प्रत्येक सूर टोकाशी मोडलेला. मग ती थांबली.

त्या जागेत सगळे घर आले. बांगड्या, तळणीची चर्र, कुणाचे तरी मूल. कीबोर्डवाल्याला दया आली असावी. त्याने फडका बाजूला सारला आणि मागून एक जाड, मऊ, लांबच लांब सूर सोडून दिला, पडलेल्या माणसाखाली गादी सरकवावी तसा. कनीजने वाद्य ओठांवरून खाली घेतले आणि त्याच्याकडे वळून पाहिले. प्रयोगशाळेत ती अशी पाहत असे तेव्हा मुले हातातली वस्तू जागेवर ठेवीत. त्याचे बोट पट्टीवरून उचलले गेले.

"संपला काय गो?" दारातून गंगुबाईने विचारले. ती अब्बांच्या वेळेपासून या घरी मासळी घालणारी, आणि तिचे कुजबुजणेही जेटीवर ऐकू जाई.

"नाय, आजी. थांबलाय," चौरंगावरून फिजा म्हणाली. "फुफूचा तसाच असतो."

फुजैल काही बोलायला गेला. उमैमाने त्याचा हात दाबला. कनीजने वाद्य पुन्हा ओठांशी नेले, पण वाजवले नाही. पाठीमागे शिडीचे लाकूड गरम होते. मान वळली नाही. खालून, वरून, कुठूनही काही येते का ते ती ऐकत नव्हती. पाहुणे अवघडून तिच्याकडे पाहत होते आणि तिने त्यांना पाहू दिले. तिला हवी तेवढी ती जागा तिने उघडी ठेवली, कुठल्याही झोपलेल्या माणसाच्या श्वासाहून लांब. आणि मग, घरात पुरती शांतता असताना, त्या शांततेतच, पुढचा सूर वाजवला.